अळणी

लातलीहून तिबिलिसीला शिकायला निघाले, तेव्हा
आईने एकच पुडकं दिलं,
वर्तमानपत्रात बांधलेलं मीठ.
मी ते पिशवीच्या तळाशी घातलं,
आणि वसतिगृहात पोहोचेपर्यंत
वह्या, मोजे, रसायनशास्त्राचं पुस्तक
सगळ्यांना आमच्या चुलीचा वास लागला.
खोलीतल्या मुली काही बोलल्या नाहीत.
उठून खिडकी उघडली फक्त.
जानेवारी होता.

आता सोलोलाकीच्या उतारावर, एका तळघरात
मी त्याच मिठाचं अत्तर करते.

निळी मेथी. आमच्याकडे तिला म्हणतात
परका मसाला.
कधी आली, कुणाबरोबर आली, कुणाला ठाऊक नाही;
पणजीच्या पणजीपासून परसात उगवते,
तरी नाव बदलावंसं वाटलं नाही कुणाला.
(मलाही या शहरात बावीस वर्षं झाली.)
मग झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, धणे, शेपूचं बी,
लाल मिरची, घशाशी जरा खरखरेल इतकीच.
आणि रानजिरं.
ते बेसारियोन काका उन्हाळा सरता सरता
हिमनदीखालच्या कुरणांवरून खुडून आणतात,
गुडघ्यांना शिव्या देत,
"हे शेवटचं वर्ष" असं अकराव्यांदा सांगत.
सगळं द्राक्षाच्या दारूत बुडवायचं.
चाळीस दिवस अंधार.

पण मिठाला वास नसतो.
आणि लसणाचं काय करायचं?

सहा हिवाळे मी लसणाशी झगडले.
राखेत भाजला, काळा पडेपर्यंत मुरवला,
थेंबाचा शंभरावा भाग घालून पाहिला.
तो एक तर बाकी सगळ्यांना गिळायचा
नाहीतर रुसल्यासारखा तळाशी बसायचा.
शेवटी काढून टाकला.
कुपीवर गावाचं नाव लिहिलं, खाली किंमत.
वाटलं, चला, मिठाला जागले.
परदेशी गिऱ्हाइकं मनगट हुंगतात,
डोळे मिटून म्हणतात, डोंगर.
मी मान हलवते, सुटे पैसे मोजते.

मार्चमध्ये आई आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.
एका डोळ्यावर पट्टी,
भिंत चाचपत तळघराच्या पायऱ्या उतरली.
लामारा पारजियानी,
जिच्या हातचं मीठ मेस्तियाच्या बाजारात
नाव घेऊन मागतात.
मी तिच्या मनगटावर एक थेंब टेकवला.
तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं.
मग सरळ जीभ लावली.

"अळणी आहे."

आई, हे खायचं नसतं, मी म्हणाले.
ती आपल्याच तंद्रीत:
"रानजिरं बेसारियोनचं. मेथी घाईने वाळवलीस.
आणि लसूण कुठाय?"
लसूण कुणी विकत घेत नाही, आई.
ती उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.
"त्या मुली," म्हणाली,
"खिडकी उघडणाऱ्या?"

मी तिला हे कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं;
तिने परात टेबलावर चढवली आणि उभ्यानेच कणीक तिंबली,
मांस चिरलं, नखांनी लसूण सोलला,
शेजाऱ्यांसकट सगळ्यांना पुरतील इतक्या
कुबदारी भाजल्या. कपाळ पुसलं मनगटानेच.

रात्री तिच्या डोळ्यात औषध घालायला वाकले,
तेव्हा तिने तोल सावरायला माझा दंड धरला,
आणि त्या हाताला वास येत होता
पुडक्याचा.
कालचा माझा थेंब, घाम, लसूण.
काही कमी नाही, काही जास्त नाही.

मी तशीच वाकून राहिले.
औषध तिच्या गालावरून कानाकडे ओघळलं.

"डोळ्यात घाल," ती म्हणाली,
"महाग आहे ते."